सोमाली स्थलांतरित स्त्रिया : आरोग्य-साक्षरता व प्रसूतिसेवा

१९९१ मध्ये सोमालियातील केंद्रीय सत्ता कोसळली आणि यादवीमुळे लाखो लोक देशोधडीला लागले. ब्रिटन, स्वीडन, नॉर्वे व अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात त्यांच्या मोठ्या वस्त्या झाल्या. सोमाली भाषेला अधिकृत रोमन लिपी मिळाली ती १९७२ मध्ये. त्याआधीची परंपरा मुख्यतः मौखिक. त्यामुळे सोमालीत पत्रक छापले की काम भागले, हा तिथल्या रुग्णालयांचा समज भाबडाच म्हणावा लागतो.

प्रसूतिसेवेत कळीचा प्रश्न स्त्रियांच्या खतन्याचा. २०२० च्या पाहणीनुसार सोमालियात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ९९ टक्के स्त्रियांचा खतना झालेला आहे. त्याच्या तीव्र प्रकारात योनिमुख जवळजवळ बंद केले जाते. ते प्रसूतीपूर्वी किंवा प्रसूतीवेळी छेद देऊन उघडावे लागते. ही साधी शस्त्रक्रिया माहीत नसलेला डॉक्टर सिझेरियनकडे वळू शकतो. उलट अनेक सोमाली स्त्रियांना सिझेरियनचीच धास्ती असते : जीव जाईल, पुढची बाळंतपणे अडतील. म्हणजे अज्ञान दोन्ही बाजूंना असते, पण निरक्षर ठरते ती बाईच. दुभाषा म्हणून नवरा किंवा शाळकरी मूल उभे असेल, तर खतन्याविषयी ती तोंडही उघडत नाही.