कॅल्क्युलसची वाट आठवीतच अडवली जाते

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एकच प्रश्न येतो, "ताई, अकरावीला गणित घेऊ की सोडू?" घरचे म्हणतात, झेपेल ते घे. शिक्षकही तेच म्हणतात. पण काय झेपेल हे कुणी ठरवलं, केव्हा ठरवलं, हे कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वस्त्यांनी हा प्रश्न विचारला, त्यासाठी संघर्ष केला. तो इतिहास आपल्याला माहीत असायला हवा.

तिथल्या हायस्कूलमध्ये गणिताची शिडी ठरलेली आहे. नववीत बीजगणित, दहावीत भूमिती, अकरावीत पुढचं बीजगणित, बारावीत प्रीकॅल्क्युलस, म्हणजे फलं, त्रिकोणमिती, लॉगॅरिदम वगैरे. या हिशेबाने शाळा संपते, पण कॅल्क्युलस येतच नाही. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर पहिलं बीजगणित आठवीतच व्हायला लागतं. म्हणजे अभियांत्रिकीकडे जाणारी वाट मूल तेरा वर्षांचं असतानाच फुटते. त्या वयात वाट मूल निवडत नाही. शाळा निवडते, आणि कागदावर मात्र मुलाची 'आवड' लिहिली जाते.

बॉब मोझेस हे हार्लेममध्ये जन्मलेले गणिताचे शिक्षक. १९६१ पासून ते मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करत होते. त्या राज्याच्या १८९० च्या संविधानात मतदाराला वाचता आलं पाहिजे किंवा वाचून दाखवलेल्या कलमाचा अर्थ सांगता आला पाहिजे, अशी अट होती. ज्यांना पिढ्यानपिढ्या धड शाळा मिळू दिली नाही, त्यांनाच निरक्षर म्हणून मत नाकारायचं! आधी साधन हिरावून घ्यायचं आणि मग साधन नाही म्हणून अपात्र ठरवायचं, ही युक्ती आपल्याला नवी नाही.

हेच मोझेस १९८२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला राहत होते. त्यांची मुलगी आठवीत गेली आणि तिच्या शाळेत बीजगणित शिकवतच नाहीत असं त्यांना दिसलं. ते स्वतः वर्गात जाऊन तिला आणि आणखी काही मुलांना शिकवू लागले. त्यातून 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' उभा राहिला. भुयारी रेल्वेच्या प्रवासातून मुलं धन-ऋण संख्या शिकली: किती स्थानकं आणि कोणत्या दिशेने. मोझेस यांचं म्हणणं स्पष्ट होतं. साठच्या दशकात मताचा हक्क जितका महत्त्वाचा होता, तितकाच आता बीजगणिताचा आहे. हा नागरी हक्काचा प्रश्न आहे, हुशारीचा नाही.

त्याच १९८२ साली पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमधली १८ मुलं कॅल्क्युलसची 'एपी' परीक्षा उत्तीर्ण झाली. बहुतेक मेक्सिकन कष्टकऱ्यांची मुलं. परीक्षा मंडळाने १४ जणांवर कॉपीचा संशय घेतला. त्यातल्या १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि सगळे पुन्हा पास झाले. यावर सिनेमा निघाला, पण त्यात तो एका वर्षाचा चमत्कार वाटतो. तसं नव्हतं. त्यांचे शिक्षक हाइमे एस्कलान्टे १९७४ पासून त्या शाळेत होते. खालच्या वर्गांचा पाया पक्का करणं, सुट्टीतले वर्ग, बीजगणितापासून प्रीकॅल्क्युलसपर्यंत प्रत्येक पायरी बांधणं हे काम वर्षानुवर्षं चाललं. १९९१ मध्ये ते शाळा सोडून गेले आणि पुढे ती घडी टिकली नाही. एका माणसावर उभं राहिलेलं काम त्याच्याबरोबरच जातं, हाही कार्यकर्त्यांसाठी धडाच.

आता उलट बाजू. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये ठरवलं की आठवीत कुणालाच बीजगणित नको, सगळे नववीत एकत्र शिकतील. हेतू समतेचा होता. पण कॅल्क्युलस हवं असणाऱ्यांना मग एका वर्षात दोन विषय कोंबावे लागले. ज्यांच्या घरी पैसा होता त्यांना बाहेर शिकवणी लावता येत होती. गरिबाच्या मुलाला शाळेशिवाय दुसरी वाट नव्हती. शेवटी २०२४ मध्ये शाळा मंडळाला आठवीचं बीजगणित परत आणायचा निर्णय घ्यावा लागला. दार सगळ्यांसाठी बंद केलं म्हणजे समता येत नाही. दारापर्यंत सगळ्यांना पोहोचवलं तर येते.

बाबासाहेबांना हायस्कूलमध्ये संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. कागदावर तीही विषयाची 'निवड'च होती. संस्कृत ते पुढे स्वतःच्या मेहनतीने शिकले.

आज नाही म्हणणारा कुणी समोर उभा नसतो. केंद्रीय मंडळाने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताचे 'बेसिक' आणि 'स्टँडर्ड' असे दोन स्तर केले. कोणता भरायचा हे पोरं स्वतःच ठरवतात, बहुतेकदा भीतीने. सगळ्यांनी कॅल्क्युलसच शिकावं असं मी म्हणत नाही. ज्याला कायदा, साहित्य, समाजशास्त्र हवं त्याने खुशाल तिकडे जावं, मीही गेले. पण आवडीने सोडणं वेगळं आणि सातवी-आठवीत कुणी नीट शिकवलंच नाही म्हणून सोडणं वेगळं.

म्हणून अभ्यासिका चालवणाऱ्या मित्रांनो, दहावीच्या निकालाची वाट पाहू नका. सहावी-सातवीची पोरं गोळा करा. अपूर्णांक, ऋण संख्या, समीकरणं पक्की करून घ्या. तुमच्यातल्या अभियंत्यांना रविवारचे दोन तास मागा. मग अकरावीत एखादी मुलगी "गणित सोडते" म्हणाली, तर तो निर्णय खरोखर तिचा असेल.