लिदित्से : न पुसलेलें नांव

चेकांच्या देशाची राजधानी जें प्राग शहर, त्याच्या वायव्येस सुमारें २० किलोमीटरांवर लिदित्से नांवाचें एक लहानसें खेडें होतें. इ. स. १३१८ मधील लेखांत त्याचा पहिला उल्लेख आढळतो. उंचसखल शेतजमीन, तींतून वाहणारा ओढा, एक तळें, फळझाडें आणि संत मार्टिनाचें प्रार्थनामंदिर, एवढीच काय ती गांवाची संपत्ति.

शेजारच्या भूगर्भानें या खेड्याचें जीवन पालटलें. जवळच क्लाद्नो येथें दगडी कोळशाच्या खाणी व पोलादाचे कारखाने उभे राहिले, आणि लिदित्सेच्या शेतकऱ्यांचे मुलगे खाणकामगार व लोहकामगार झाले. १९४२ सालीं गांवची वस्ती सुमारें ५०० होती.

त्या वेळीं देश जर्मनीच्या ताब्यांत होता. २७ मे १९४२ रोजीं इंग्लंडहून येऊन हवाई छत्रीनें उतरलेल्या गाब्चीक व कुबिश या दोन सैनिकांनीं प्रागमध्यें जर्मन सत्ताधीश हायड्रिख याच्यावर हल्ला केला. ४ जूनला तो मरण पावला. सूडासाठीं बळी हवा होता. लिदित्सेंतील दोन कुटुंबांचे मुलगे ब्रिटनमध्यें जाऊन सैन्यांत शिरले होते, एवढ्याच धाग्यावरून गांवाचा संशय घेण्यांत आला. त्या हल्ल्याशीं गांवाचा कांहीं एक संबंध सिद्ध झाला नव्हता.

९ जूनच्या रात्रीं गांवाला वेढा पडला. दुसऱ्या दिवशीं होराक कुटुंबाच्या वाडींत १७३ पुरुषांना रांगेनें उभें करून गोळ्या घालण्यांत आल्या. ७३ वर्षांचे वृद्ध धर्मगुरु योसेफ श्टेम्बर्का त्यांतच होते. बायकामुलांना क्लाद्नोच्या एका शाळेच्या व्यायामगृहांत कोंडलें. जेथें मुलांनीं कवायत करावयाची, तेथें त्यांना आयांच्या कुशींतून ओढून काढण्यांत आलें. स्त्रियांची रवानगी रावेन्सब्रूकच्या छळछावणींत झाली. ८२ मुलांना पोलंडांतील खेल्म्नो येथें विषारी वायूनें मारण्यांत आलें. बळींची एकंदर संख्या ३४० झाली.

परंतु माणसें मारून मारेकऱ्यांचें समाधान झालें नाहीं. गांवावरून गाढवाचा नांगर फिरविणें असा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. तोच प्रकार येथें यंत्रयुगाच्या साधनांनीं झाला. घरें जाळलीं, प्रार्थनामंदिर सुरुंगानें उडविलें, दफनभूमि उकरली, तळें बुजविलें, झाडें तोडलीं. इतकेंच नव्हे, तर ओढ्याचा प्रवाहहि वळविला. ज्या खुणांनीं वाटसरू गांव ओळखतो, त्यांपैकीं एकहि राहूं नये हा हेतु. आणि हें कृत्य लपविलें तर नाहींच. उलट गांवाचें नांव पुसून टाकल्याचें नभोवाणीवरून जगास जाहीर केलें!

येथेंच सूडाचा हिशेब चुकला. जें नांव प्रागच्या पंचक्रोशीबाहेर फारसें कोणास ठाऊक नव्हतें, तें सर्व जगाच्या तोंडीं झालें. अमेरिकेंत इलिनॉय राज्यांतील एका वस्तीनें १९४२ च्या जुलैंतच लिदित्से हें नांव धारण केलें. मेक्सिको शहराच्या एका भागानें तें आपल्या नांवास जोडलें. इंग्लंडांतील स्टोक-ऑन-ट्रेंट येथें डॉ. बार्नेट स्ट्रॉस यांच्या पुढाकारानें 'लिदित्से जगेल' ही चळवळ निघाली, आणि तेथील खाणकामगारांनीं गांव पुन्हा वसविण्यासाठीं आपल्या मजुरींतून निधि दिला. कोळसा खणणारांचें दुःख कोळसा खणणारांनीं ओळखलें.

युद्ध संपल्यावर १४३ स्त्रिया परतल्या. मुलें सांपडलीं अवघीं १७. त्यांतील कांहीं जर्मन घरांत वाढून मातृभाषा विसरलीं होतीं; आई भेटली, पण तिच्याशीं बोलावयास शब्द नव्हते.

१९४७ सालीं नव्या गांवाची कोनशिला बसली, आणि जुन्या जागेच्या शेजारीं पुढें १५० घरें उभीं राहिलीं. १९५५ सालीं गुलाबांची बाग झाली. मारिए उखितिलोवा या शिल्पकार स्त्रीनें १९६९ मध्यें त्या ८२ मुलांचे पुतळे घडविण्यास आरंभ केला. १९८९ सालीं ती निवर्तली. परंतु काम थांबलें नाहीं, व २००० सालीं ब्राँझच्या त्या पुतळ्यांचा समूह पूर्ण झाला.

जुनें स्थळ मात्र मोकळेंच ठेविलें आहे. आजच्या नकाशावर प्राग व क्लाद्नो यांच्या दरम्यान लिदित्से हें नांव ठळक आढळतें. पण त्या नांवाशेजारचें तें ओसाड कुरण किती माणसांचें घर होतें, हें कोणताहि नकाशा दाखवूं शकत नाहीं.