राष्ट्रपतिपदाआधीचे झाकीर हुसेन

आमच्या सभासंमेलनांत डॉ. झाकीर हुसेन यांचे नाव हमखास निघते. मुसलमानही या देशाचा राष्ट्रपती होऊ शकतो, याचा पहिला दाखला म्हणजे ते. दाखला खराच आहे. १३ मे १९६७ रोजी त्यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली आणि ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. पण या दोन वर्षांच्या मागे बावीस वर्षांची उस्तादी उभी होती. तिची आठवण आम्ही फारशी काढत नाही.

त्यांचा जन्म १८९७ साली हैदराबादेत झाला. घराणे मूळ कायमगंजचे. १९२० साली असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी अलिगढचे सरकारमान्य कॉलेज सोडले आणि जामिया मिल्लियाच्या उभारणीत ते सामील झाले. पुढे खिलाफत चळवळ ओसरली, पैसा आटला आणि जामिया बंद करण्याची भाषा सुरू झाली. त्या वेळी झाकीरसाहेब जर्मनीत अर्थशास्त्राचा अभ्यास करीत होते. आम्ही काही मित्र जामियासाठी आयुष्य द्यायला तयार आहोत, ती बंद करू नका, असा निरोप त्यांनी तेथून धाडला. डॉक्टरेट घेऊन १९२६ साली परतल्यावर त्यांनी जामियाची धुरा उचलली. १९२८ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी शपथ घेतली : वीस वर्षे सेवा करायची आणि दीडशे रुपयांहून अधिक वेतन घ्यायचे नाही. तेही कित्येकदा पुरते मिळत नसे. १९३५ साली ओखल्याच्या इमारतीची पायाभरणी झाली, ती कुण्या नवाबाच्या वा पुढाऱ्याच्या हातून नव्हे, तर शाळेतल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून!

आमच्या महाराष्ट्राशीही त्यांचे नाते आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकीरसाहेब होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम आणि हस्तोद्योगातून ज्ञान, ही त्या 'नयी तालीम'ची सूत्रे. शाळेने आपला खर्च स्वतः काढावा, हा गांधीजींचा आग्रह होता. पण कमाईच्या नादात शिक्षण मागे पडेल, असा इशारा समितीच्या अहवालाने स्पष्टपणे दिला. मुस्लिम लीगने या योजनेला कडाडून विरोध केला. आपल्याच कौमेचे बोल सोसूनही झाकीरसाहेब कामापासून हटले नाहीत.

१९४७ च्या दंगलीत जालंधर स्टेशनवर ते मरता मरता वाचले. एक शीख आणि एक हिंदू त्यांच्यासाठी धावून आले. त्यानंतरही ते याच देशात राहिले आणि १९४८ साली, फाळणीमुळे संशयाच्या छायेत सापडलेल्या अलिगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आज सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क आहे. २००९ च्या त्या कायद्यात शक्य तेथे मातृभाषेचे माध्यम असावे, असेही म्हटले आहे. तरी आम्हा उर्दू शाळांतल्या शिक्षकांना ठाऊक आहे की, मुले अजून घोकंपट्टीतच अडकली आहेत. हाताला काम आणि डोक्याला विचार देणारी तालीम वर्गात क्वचितच दिसते. कायदा आला म्हणून ती आपोआप येत नाही. तिच्यासाठी उस्तादाला खपावे लागते.

झाकीरसाहेबांची कबर जामियाच्या आवारातच आहे. मोठ्या पदांवर आपले किती, हा हिशेब आम्ही जरूर मांडावा. मात्र एका शाळेसाठी वीस वर्षे देणारे आपल्यात किती, हाही आकडा त्याच कागदावर लिहावा.