डोहाळे, दूध आणि पाला

हाल सातवाहनाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या गाथासप्तशतीत एका दरिद्री घराचे चित्र आले आहे. घरची गृहिणी गर्भवती आहे आणि रीतीप्रमाणे तिला विचारले जात आहे की, तुला काय खावेसे वाटते. पतीजवळ देण्यासारखे काही नाही हे ती जाणून आहे. त्याची ओढाताण होऊ नये म्हणून कितीदा विचारले तरी ती एकच पदार्थ सांगते, आणि तो म्हणजे पाणी. महाराष्ट्री प्राकृतातील ही गाथा सामान्यतः गृहिणीच्या संयमाचे उदाहरण म्हणून वाचली जाते. आहाराच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचे मोल निराळे आहे. गर्भिणीने काय खावे याविषयी शास्त्रग्रंथांत पुष्कळ लिहिलेले आहे; तिच्या ताटात प्रत्यक्ष काय पडत होते याची नोंद मात्र अशी एखाद्या गाथेतच, तीही ओझरती, सापडते.

या गाथेत गर्भिणीच्या इच्छेसाठी जो ‘दोहल’ शब्द आला आहे, तोच मराठीतील ‘डोहाळा’. संस्कृतात त्याचे रूप ‘दोहद’ असे आढळते. परंतु ते मूळचे संस्कृत नव्हे, प्राकृतातून संस्कृतात गेलेले आहे, हे मत १८९८ साली ल्यूडर्स या जर्मन पंडिताने मांडले आणि पुढे ते बहुतेकांनी स्वीकारले. ‘द्वि’ आणि ‘हृद्’ म्हणजे दोन हृदये असणे, त्यावरून ‘द्वैहृद’ आणि त्याचे प्राकृतात झिजलेले रूप ‘दोहद’, अशी ही परंपरा आहे. शब्दाचा अर्थ अंधुक झाल्यावर पंडितांनी त्याला ‘दौर्हृद’ असे नवे संस्कृत वस्त्र नेसवले. त्यातून ‘हृदयाची विकृती’ असा अर्थ निघू लागला आणि दोन हृदयांची मूळ कल्पना झाकली गेली. आद्य ‘द’चा ‘ड’ होणे आणि अंत्य ‘द’चा ‘ल’ होणे हे दोन्ही विकार बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या शब्दापुरते नोंदवून ठेवले आहेत. मराठी रूपाची वाट त्यामुळे सरळ दिसते. ‘भिकेचे डोहाळे’ या वाक्प्रचारात शब्दाने आपले मूळ क्षेत्र सोडलेले आहे, हा भाग वेगळा.

दोन हृदयांची ही कल्पना केवळ शब्दापुरती नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तिसऱ्या महिन्याच्या वर्णनात, आणि सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्याच्या वर्णनात, गर्भाचे हृदय रसवाहिन्यांच्या योगे मातेच्या हृदयाशी जोडलेले असल्याचे मानले आहे. त्यामुळे गर्भिणीची इच्छा ही एकट्या तिची इच्छा राहत नाही. ती डावलली तर गर्भास व्यंग येते, अशी भीतीही सुश्रुताने घातली आहे. चरकाचा सूर तुलनेने सौम्य आहे. इच्छा फारच तीव्र असेल तर अहितकर पदार्थसुद्धा हितकर पदार्थात मिसळून द्यावा, असे तो सांगतो. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गातील सुदक्षिणेस माती खाण्याचे डोहाळे लागतात. त्याची संगती आजचे वैद्यक बहुधा शरीरातील लोहाच्या उणिवेशी लावते. तुकारामांच्या एका प्रसिद्ध अभंगात गर्भाची आवड तोच मातेचा डोहळा ही कल्पना जशीच्या तशी आली आहे. वैद्यांच्या ग्रंथातील सिद्धांत शेकडो वर्षांनी मराठी भजनात सहज दृष्टांत म्हणून यावा, इतका तो लोकमानसात मुरला होता.

इच्छेपलीकडे जाऊन नियमित पथ्य काय असावे हेही चरकाने महिन्यामहिन्याने सांगितले आहे. पहिल्या महिन्यात कोणतेही संस्कार न केलेले थंड दूध, दुसऱ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेले, तिसऱ्यात मध आणि तूप घातलेले, चौथ्यात लोण्यासह, पाचव्यात दुधापासून काढलेले तूप, पुढे औषधी तूप, आठव्यात दुधातील पेज तूप घालून. या आठव्या महिन्याच्या पेजेवर ग्रंथातच वाद आहे. भद्रकाप्य नावाचा आचार्य म्हणतो की, हिच्यामुळे मूल पिंगट होईल, म्हणून देऊ नये. त्यावर पुनर्वसु आत्रेयाचे उत्तर असे की, होईना का पिंगट, तरी द्यावी. कारण तिने आई निरोगी राहते आणि मूल सबळ होते. रंगापेक्षा बळ मोठे मानणारे हे उत्तर आजही पुष्कळ घरांत ऐकवण्याजोगे आहे. सुश्रुताने दुधाबरोबर साठ दिवसांत येणारे ‘षष्टिक’ भात सांगितले, म्हणजे मराठीतील साठेसाळी.

हे पथ्य उत्तम असले तरी ते गोठा असलेल्या घराचे आहे. ज्या घरात विचारल्यावर ‘पाणी’ असे उत्तर येते, त्या घरासाठी त्यात काय आहे? चरकाच्या त्याच परिच्छेदात, पहिल्याच महिन्याच्या दुधाबरोबर, आणखी एक सूचना आहे: सकाळ-संध्याकाळ ‘सात्म्य’ भोजन करावे. सात्म्य म्हणजे अंगवळणी पडलेले, त्या प्रदेशाच्या आणि त्या शरीराच्या सवयीचे. बहुसंख्य स्त्रियांचा सारा आहार, भाकरी, भात, कालवण आणि बांधावरचा पाला, या एका शब्दात सामावलेला आहे. वैद्याला त्याचा तपशील देण्याची गरज वाटली नाही, कारण तो तपशील बायकांना ठाऊक होता.

पाल्याविषयी ग्रंथकार अनभिज्ञ होते असे मात्र नव्हे. चरकाच्या सूत्रस्थानातील शाकवर्गात तण्डुलीय, म्हणजे तांदूळजा, आणि वास्तुक, म्हणजे चाकवताच्या जातीची भाजी, या दोन्ही नावानिशी आहेत. तरीही गर्भिणीच्या मासिक पथ्यात पालेभाजी नावाने येत नाही. पालेभाज्यांबद्दल ग्रंथकारांच्या मनात एक अढी दिसते. त्यांतील पुष्कळशा पचण्यास जड मानल्या आहेत, आणि त्या शिजवून, पिळून पाणी काढून, भरपूर स्निग्ध पदार्थ घालून खाव्यात असा निर्देश आहे. मराठी स्वयंपाकघरांतही काही भाज्या उकडून पाणी टाकण्याची चाल आहे. उग्र वा खाजऱ्या पाल्याच्या बाबतीत ती समंजस आहे. पण टाकलेल्या पाण्याबरोबर काय जाते हे कळण्यास १९४१ साल उजाडावे लागले.

निषेधांचा इतिहास याहून गमतीचा आहे. गर्भिणीस पपई वर्ज्य, आणि हे ‘पूर्वापार’ चालत आले आहे, असे घरोघरी सांगितले जाते. परंतु पपई मूळची अमेरिकेतील. ती पोर्तुगीजांच्या काळात या किनाऱ्यावर आली आणि आपले नावही बरोबर घेऊन आली. चरक-सुश्रुतांना तिचे नाव माहीत असणे शक्य नव्हते. निषेध अगदीच निराधार आहे असेही नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांच्या गर्भाशयाचे आकुंचन होते असे दिसले. पूर्ण पिकलेल्या फळाचा मात्र तसा परिणाम आढळला नाही. लोकव्यवहाराने चिकाचा अनुभव घेतला, तो साऱ्या फळाला लावला आणि वर प्राचीनतेची मोहोर उमटवली, असा हा क्रम दिसतो.

प्राचीन सूतिकाशास्त्राची आधुनिक वैद्यकाशी विद्यापीठीय भेट एका मराठी स्त्रीने घडवून आणली. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयास सादर केलेला प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. पुढील वर्षीच त्या निवर्तल्या. ग्रंथांतील गर्भिणी आणि चाळीतील गर्भिणी यांची तुलना करण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही.

ते काम दुसऱ्या एका स्त्रीच्या वाट्याला आले. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज वैद्य माता-मृत्यूंच्या चौकशीच्या कामासाठी मुंबईस आली. हाफकिन संस्थेत काम करताना तिच्यापुढे गर्भिणींमधील एक घातक पांडुरोग आला. कापडगिरण्यांत राबणाऱ्या आणि इतर गरीब स्त्रियांत तो वारंवार आढळे, आणि त्यात रक्तपेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या होत. प्रथम जंतूंचा संशय घेतला गेला. तो टिकला नाही. मग विल्सने रुग्ण स्त्रियांच्या आहाराकडे लक्ष वळवले. त्यांच्यासारखा निकृष्ट आहार तिने उंदरांना घातला, तेव्हा गाभण उंदीरही पांडुर झाले. यीस्ट दिल्यावर ते वाचले. १९३१ साली तिने ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले की, ‘मार्माइट’ या नावाने विकला जाणारा यीस्टचा अर्क या रोगावर उतारा आहे. मद्य गाळल्यावर उरणाऱ्या साक्यापासून बनणारा हा स्वस्त पदार्थ पावावर लावून खाण्यासाठी विकला जात असे. त्यात नेमके काय होते हे विल्सला कळले नव्हते, आणि पुढे काही काळ त्या अज्ञात द्रव्याला तिचेच नाव होते.

१९४१ साली टेक्सासमधील संशोधकांनी सुमारे चार टन पालकातून ते द्रव्य वेगळे केले. लॅटिन भाषेतील पानाच्या शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल असे नाव मिळाले. अर्थाने मराठी करावयाचे तर ‘पर्णाम्ल’. ते पाण्यात विरघळते आणि फार शिजवल्याने नष्ट होते. १९९१ साली ब्रिटनमधील संशोधन परिषदेच्या चाचणीने हेही दाखवले की, गर्भधारणेच्या आधीपासून ते दिल्यास ज्या मातांना पूर्वी पाठीच्या कण्याचे व्यंग असलेले मूल झाले होते, त्यांच्यात ते व्यंग पुन्हा होण्याचा संभव पुष्कळच घटतो. हा काळ डोहाळे लागण्याच्याही आधीचा आहे. म्हणजे ज्या दिवसांत घरातील कोणी काही विचारीत नाही, त्या दिवसांतील आहार येथे निर्णायक ठरतो.

मुंबईत सुरू झालेला हा शोध पुण्याजवळ पुढे गेला. १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा खेड्यांतील गर्भिणींचा अभ्यास करण्यात आला आणि त्याचा आहारविषयक भाग २००१ साली प्रसिद्ध झाला. नवजात अर्भकाच्या वाढीचा संबंध मातेच्या आहारातील एकूण उष्मांकांशी वा प्रथिनांशी लागला नाही; तो लागला दूध, पालेभाज्या आणि फळे यांच्याशी. याच अभ्यासातून २००८ साली असेही पुढे आले की, ज्या मातांच्या रक्तात फोलेट अधिक पण बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक होती. बी-१२ पाल्यात नसते, दुधात असते. चरकाचे दूध आणि न लिहिलेला पाला यांची जोडी येथे प्रथमच एका मापाने मोजली गेली.

आता पाल्याच्या नावांविषयी. चाकवत, घोळ, तांदूळजा, कुर्डू ही बायकांच्या बोलीत भाज्यांची नावे आहेत. कृषिशास्त्राच्या पुस्तकांत याच वनस्पती तणांच्या यादीत आहेत. एकच झाड विळा घेऊन निघालेल्या स्त्रीस अन्न दिसते आणि पीक राखणाऱ्यास शत्रू. यांतील बहुतेकांस पेरणी लागत नाही, खत लागत नाही, पावसाखेरीज पाणी लागत नाही आणि गाडीभाडेही नाही. खुरपणीच्या वेळी उपटलेले तण त्याच संध्याकाळी कढईत पडत असे. खुरप्याची जागा तणनाशकाने घेतली तेथे हे तण मेले, आणि त्याबरोबर भाजीही मेली. फवारलेल्या बांधावरचा उरलासुरला पाला गर्भिणीने खाण्याजोगा राहिला नाही. ज्या स्त्रीला दूध विकत घेणे परवडत नाही, तिच्या ‘सात्म्य’ भोजनातील फुकटचा भाग अशा रीतीने वजा झाला आहे.

मुंबईच्या उपनगरांतील बाजारांत पावसाळ्याच्या दिवसांत ठाणे-पालघरकडच्या आदिवासी स्त्रिया टाकळा, कुर्डू, शेवळे यांच्या जुड्या घेऊन बसतात. विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकास बहुधा भाजीचे नाव आणि ती शिजवण्याची रीत ही दोन्ही विक्रेतीलाच विचारावी लागतात.