गटाचे गणित

गणित एकट्यानेच सोडवायचे, ही आपली समजूत स्पर्धांनी अधिकच पक्की केली. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ साली रुमानियात सात देशांनिशी सुरू झाले. भारत त्यात १९८९ साली उतरला आणि १९९६ चे ऑलिंपियाड मुंबईत भरले. १९८३ पासून संघात जास्तीत जास्त सहा जण असतात, पण संघ नावापुरताच. प्रत्येक जण स्वतंत्रपणे उत्तरे लिहितो. देशाचे गुण म्हणजे सहा जणांच्या गुणांची नुसती बेरीज.

लेनिनग्राडमध्ये १९६० च्या दशकात ‘गणिती लढत’ सुरू झाली. दोन संघांना तीच उदाहरणे मिळतात. प्रत्येक संघ एकत्र बसून ती सोडवतो. मग एका संघाचा प्रतिनिधी फळ्यावर उकल मांडतो, तर दुसऱ्याचा तिच्यातले कच्चे दुवे शोधतो. चूक दाखवण्यालाही गुण असतात.

१९८३ मध्येच डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे स्पर्धा नव्हे, तर हाताने काम करत शिकणे हा पाया होता. त्रिकोणांनी बांधलेला घुमट ही आश्रमाची ओळख. एकाने मोजायचे, दुसऱ्याने कापायचे, तिसऱ्याने जोडायचे. कुणाचेही माप चुकले तर त्रिकोण जुळत नाहीत. प्रतिस्पर्ध्याचे काम येथे घुमटच करतो.

आपल्या वर्गात दोन गट करून पाहू. उकल कोणी मांडायची, हे मात्र समोरच्या गटाने ठरवावे. मग हुशार मुलाला ती गटातल्या प्रत्येकाला समजावून द्यावीच लागेल.