युसूफ वडगावात वर्ष केव्हा संपते? वाचनाच्या ताळेबंदाचा इतिहास

१/
डिसेंबर सरत आला की वाचनाचे हिशेब मांडले जातात. किती पुस्तके झाली, किती अर्धवट राहिली, पुढच्या वर्षी किती वाचायची! मराठीला हा हिशेब नवा नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तो साऱ्या भाषेच्या वतीने मांडला गेला आणि त्यावर वादही झाला. तो इतिहास आणि त्यातून बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगावच्या एखाद्या तरुण वाचकाला नव्या वर्षासाठी काय घेता येईल, हा या धाग्याचा विषय.

२/
पहिला प्रश्न साधा वाटतो, पण तसा नाही. सरते वर्ष म्हणजे कोणते वर्ष? पंचांगात शालिवाहन शक, त्याचा आरंभ गुढीपाडव्याला. मशिदीत हिजरी सन. शाळेत इसवी सन. आणि निजामाच्या राज्यातील महसुली कागदांवर फसली सन. १९४८ पूर्वीच्या मराठवाड्यात एकाच गावात एवढी वर्षे एकाच वेळी चालत असत आणि प्रत्येकाचा शेवट निराळ्या दिवशी होई.

३/
यातील फसली सनाची गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. ते दरवर्षी अकराएक दिवसांनी मागे सरकते; पिके मात्र सूर्याच्या गतीने येतात. सारा वसूल करायचा तर धान्य घरात आलेले हवे. म्हणून मोगल अमदानीत महसुलासाठी फसली, म्हणजे फसलीचे, पिकाचे वर्ष रूढ झाले. दख्खनमधील फसली सनात सुमारे ५९० मिळवले की इसवी सन मिळतो.

४/
वर्ष संपल्याचा हिशेब पीक हाती आल्यावरच करायचा, हे त्यामागचे शहाणपण. वाचनालाही ते लागू पडते. पेरणी किती एकरांवर झाली याची मोजणी म्हणजे पुस्तकांची संख्या. घरात काय आले, हा प्रश्न वेगळा आहे. गेल्या दीडशे वर्षांत मराठी वाचनाचे जे मोठे ताळेबंद मांडले गेले, त्यांत हा फरक पुन्हा पुन्हा समोर आला.

५/
पहिला मोठा ताळेबंद ३१ डिसेंबर १८६४ या तारखेपर्यंतचा. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे संचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांनी देशी भाषांतील प्रकाशित ग्रंथांची यादी तयार करवली. तीतील मराठी ग्रंथांवर अभिप्राय लिहिला महादेव गोविंद रानडे यांनी. त्यांचा जन्म १८४२ चा. म्हणजे त्या यादीच्या अखेरच्या दिवशी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

६/
तेव्हाची छापील मराठी पुस्तके शेकड्यांत मोजता येण्याजोगी होती. एका माणसाने सारा छापील साठा नजरेखालून घालावा, हे त्या काळी शक्य कोटीतले होते. गद्य किती, पद्य किती, भाषांतरे किती, स्वतंत्र लेखन किती, कोणते विषय कोरडे राहिले, असे प्रश्न त्यातून विचारता आले. पुढे १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची नोंदणी सक्तीची केली. त्यामागे सरकारचा पाळतीचा हेतू होताच, पण वाङ्मयाच्या इतिहासकारांना नोंदींचा आयता साठा मिळाला. रानडे यांनी १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहिले, तेही याच सवयीचे फळ.

७/
मोजणीनंतर संकल्प. रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने ११ मे १८७८ रोजी पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. ग्रंथ लिहिले जातात, पण ते विकत घेणारे आणि वाचणारे वाढावेत कसे, ही त्या सभेची चिंता होती. आजच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा येथपासून मोजली जाते.

८/
दुसरी सभा मे १८८५ मध्ये पुण्यातच भरली. तिचे निमंत्रण जोतीराव फुले यांनाही गेले. ते गेले नाहीत. त्यांनी रानडे यांना पत्र लिहिले आणि ते जून १८८५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आले. त्याचा आशय असा होता की, जे बहुजनांना माणुसकीचे हक्क मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही. शूद्रातिशूद्रांच्या वाट्याला आलेल्या यातना त्यांच्या लेखनात उतरणार तरी कशा?

९/
हे पत्र लिहिणाऱ्याच्या पाठीशी तोवर ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) होते. पत्रातील आक्षेप ताळेबंदाच्या मुळालाच हात घालतो. यादी कितीही लांब असो, ती कोणी केली आणि तीत कोणाचा आवाज आला नाही, हे विचारल्याखेरीज ती पुरी होत नाही. सरत्या वर्षाच्या वाचनयादीवर प्रत्येकाने हा प्रश्न एकदा ठेवून पाहावा.

१०/
एक उदाहरण पुरे आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ मध्ये प्रसिद्ध केले. फुले यांनी त्याची पाठराखण केली. पण नंतर ते वाचकांच्या नजरेआड गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत. मधल्या नव्वदहून अधिक वर्षांत कित्येक पिढ्यांच्या वाचनयाद्या ‘पूर्ण’ झाल्या आणि त्यांत हे पुस्तक नव्हते. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये निघाली. अशी सूची चाळताना कळते की आपण वाचलेले मूठभर आणि न वाचलेले खंडीभर आहे.

११/
तिसरा ताळेबंद इतिहासकारांचा. ७ जुलै १९१० रोजी वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. शके १८३२, म्हणजे इसवी सन १९१०-११ पासून मंडळाची वार्षिक इतिवृत्ते निघू लागली. सभांत वाचलेली टिपणे आणि नव्याने हाती आलेले कागद त्यांत छापले जात. वर्षभर काय वाचले याचे उत्तर तेथे पानांच्या आकड्यात नव्हते. वाचलेले इतरांना तपासता यावे, खोडता यावे, पुढे नेता यावे अशा रूपात ते ठेवलेले होते.

१२/
तपासता येणे इतके महत्त्वाचे का, याचा धडा बीडशीच जोडलेला आहे. बीड येथे मिळालेल्या एका जुन्या पोथीच्या आधारे राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. ती प्रत फार प्राचीन असल्याचा त्यांचा दावा होता. पुढे त्यावर वाद झाले. मूळ पोथी मात्र नंतरच्या अभ्यासकांच्या हाती लागली नाही. राजवाडे यांच्यासारख्या जबरदस्त वाचकाचे वाचनसुद्धा मूळ साधन हरवल्यावर अधांतरी राहते. याउलट पैठणच्या एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. वाचन म्हणजे तुलना, हे मराठवाड्याच्या मातीत इतके जुने आहे.

१३/
आता युसूफ वडगावकडे येऊ. वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात जागोजागी आहेत. म्हणून ओळखीसाठी नावाला जोड लागते. वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक. येथे ती जोड ‘युसूफ’ अशी आहे. गावाच्या नावातच दोन भाषा शेजारी नांदतात. हा युसूफ जहागीरदार, अंमलदार की कोणी फकीर, हे नुसत्या नावावरून ठरत नाही. ऐकीव कथेवरूनही ठरवू नये. ते ठरते कागदावरून, आणि त्या परिसराचा जुना कागद मोडीत, फारसीत किंवा उर्दूत असतो.

१४/
जवळचा धारूरचा किल्ला घ्या. १६३१ मध्ये तो मोगल सेनापती आझमखानाने घेतला. त्या मोहिमेचे वर्णन फारसी तवारिखांत आहे. पुढे निजामी राज्याच्या कारभारात फारसी चालली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर मोडी होतीच. म्हणजे केज तालुक्याचा इतिहास फक्त देवनागरीतून वाचणारा वाचक अनुवादकांच्या आणि कथेकऱ्यांच्या ओंजळीनेच पाणी पितो.

१५/
याचे मोल केवळ अभ्यासिकेपुरते नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी, उर्दू, फारसी कागद वाचू शकणाऱ्यांची गरज तेव्हा एकाएकी सर्वांना कळली. त्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट उघड झाली. आजोबा-पणजोबांचे नाव ज्या कागदावर आहे, तो कागद नातवंडांना वाचता येत नाही.

१६/
हे अंतर एका माणसाने आपल्या आयुष्यात कसे पार केले, ते सेतुमाधवराव पगडी यांच्याकडे पाहावे. १९१० मध्ये निलंग्यात जन्म, हैदराबाद संस्थानात मुलकी नोकरी, आणि नोकरी सांभाळून भाषांचा अभ्यास. आदिवासी भागात काम करताना ते गोंडी आणि कोलामी शिकले. फारसी साधने मराठीत आणण्याचे त्यांचे काम प्रचंड आहे. ‘मोगल दरबारची बातमीपत्रे’ हे त्यातले एक. पगडींचे वाचन प्रश्नामागून भाषेकडे गेले, आणि भाषेमागून मूळ कागदाकडे.

१७/
तर नव्या वर्षाचा संकल्प असा करता येईल.
एक: सरत्या वर्षाच्या यादीसमोर दुसरी, न वाचलेल्यांची यादी लिहावी. स्त्रिया किती, शेतकरी-कष्टकरी किती, मराठवाड्यातले किती?
दोन: पुस्तकांचा आकडा न ठरवता एकच प्रश्न निवडावा. ‘गावाचे नाव केव्हा आणि कोणत्या कागदात प्रथम दिसते?’ हा प्रश्न वर्षभर पुरेल.

१८/
तीन: एक लिपी शिकावी. मोडीची बाराखडी काही आठवड्यांच्या सरावाने ओळखीची होते. कागद सहज वाचता येण्यास मात्र चिकाटी लागते. उर्दू येणारे जुने जाणते गावात असतील, तर त्यांच्याजवळ बसावे.
चार: पायाभूत ग्रंथ आधी वाचावेत. हैदराबाद संस्थानाचे १९०९ चे गॅझेटियर आणि बीड जिल्ह्याचे १९६९ चे गॅझेटियर शेजारी ठेवून वाचले, तरी साठ वर्षांत काय बदलले ते दिसते.
पाच: दर महिन्याला दोन पानांचे टिपण लिहावे आणि ते दुसऱ्याला तपासायला द्यावे.

१९/
सहा: एक साधन प्रत्यक्ष पाहावे. अंबाजोगाईत दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी जतन केलेली आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय लिहिला व रेखाटला. छापील पुस्तकाच्या पानांत मावणार नाही असे वाचन येथे शतकांपूर्वी होत होते. तिच्यापुढे उभे राहिले की ‘वर्षात किती पुस्तके’ हा प्रश्न आपोआप लहान होतो.

२०/
रानडे यांनी जे छापले गेले ते मोजले. फुले यांनी यादीबाहेर राहिलेल्यांकडे बोट दाखवले. मंडळाने वाचलेले चारचौघांत तपासायला ठेवले. पगडी मूळ भाषेपर्यंत गेले. युसूफ वडगावच्या एखाद्या वाचकाने यांतले एकच काम मनावर घेतले आणि पुढच्या वर्षअखेरीस गावाच्या दप्तरातील एक जुना कागद स्वतः वाचून दाखवला, तर पन्नास पुस्तकांच्या यादीपेक्षा ते पीक मोठे ठरेल. मग ते वर्ष शकाचे धरा, हिजरीचे धरा, की फसलीचे.

धागा समाप्त.