मेंदीचा दस्तूर

रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख येथे १८९१ साली जन्मलेले आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात पोथ्यांच्या सहवासात आयुष्य वेचलेले परशुराम कृष्ण गोडे यांनी, राजेरजवाड्यांच्या बखरींत रमणारे इतिहासकार ज्या विषयांकडे ढुंकूनही पाहात नसत, त्या दारूकाम, चष्मे, तंबाखू यांच्याबरोबर मेंदीचाही इतिहास लिहिला, आणि त्यासाठी इसवी सनापूर्वी २००० पासून इसवी सन १८५० पर्यंतचा विस्तीर्ण कालखंड धुंडाळला. कोकणातल्या एका पंडिताने बायकांच्या तळहातावरील रंगाची अशी रुजुवात घ्यावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

त्यांच्याच मुलखात मेंदी ही मुख्यतः कुंपणाची वनस्पती. श्रावणात नागपंचमीच्या आदल्या दिवशी मुली तिचा पाला खुडून आणीत, पाट्यावर वाटीत, रंग गडद चढावा म्हणून त्यात काथ नि लिंबाचा रस घालीत; बोटांची अग्रे आणि तळहाताच्या मध्यावरील एक वाटोळा ठिपका, एवढाच नक्षीचा पसारा असे. हिंदू विवाहात मान हळदीचा होता, मेंदी तिच्यामागून येई. कोकणी मुसलमानांच्या लग्नघरी मात्र मेंदीचा शिरस्ता जुना व ठसठशीत आहे. आजचा रात्रभर चालणारा ‘मेंदीचा कार्यक्रम’ आपल्याकडे बव्हंशी हिंदी चित्रपटांनी आणला.

वैद्यकाने तिला शीतल मानले, आणि उन्हाळ्यात तळपायांची आग शमविण्यासाठी तिचा लेप घरोघरी चाले. तिच्या पानातील ‘लॉसोन’ हे रंगद्रव्य त्वचेतील केराटिन या प्रथिनाशी संयोग पावते. म्हणूनच जाड कातडीच्या तळहातांवर व तळपायांवर रंग सर्वांत गडद उठतो, प्रथम नारिंगी दिसून दोन दिवसांत तपकिरी होतो आणि कातडी झडत जाते तसतसा ओसरतो. निव्वळ पाल्याची क्वचित कोणाला खाज सुटते. मात्र ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात उणीव असलेल्या अर्भकांच्या अंगास मेंदी लावल्याने तांबड्या रक्तपेशी फुटून प्राणावर बेतल्याची उदाहरणे वैद्यकीय दफ्तरी नोंदलेली आहेत. सबब तान्ह्या बाळाच्या हातापायांना, हौस कितीही असो, मेंदी लावू नये.

खरे अरिष्ट घरच्या कुंपणातून आले नाही. पाट्याची जागा प्रथम राजस्थानातील सोजतहून येणाऱ्या पुडीने आणि मग तयार कोनाने घेतली, तेव्हा आत काय आहे हे लावणाऱ्या बाईला ठाऊक असण्याची सोयच नाहीशी झाली. तासाभरात कोळशासारखा काळा रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पॅराफिनाइलिनडायअमाइन हे केस रंगविण्याचे रसायन असते. युरोपात केसांच्या कलपात ते ठरावीक मर्यादेपर्यंत चालते, पण कातडीवर थेट लावण्यास मनाई आहे. त्याने नक्षीच्या रेषेबरहुकूम फोड उठतात, व्रण राहतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे शरीर त्या द्रव्याचे वैर आमरण धरून बसते, इतके की पुढे कधी केसांना कलप लावला तरी चेहरा सुजतो. प्रथमच लावणाऱ्यास हा त्रास आठ-दहा दिवसांनीही होऊ शकतो, आणि तोवर दोष कोनाला द्यावा हेही सुचत नाही.

अस्सल मेंदी तासाभरात काळी होत नाही. बाजारात कोणी तासाभरात काळा रंग चढेल असा निर्वाळा देऊ लागला, तर तो कोन विकत न घेता परत करावा, आणि परसात चार हात जागा असेल तर मेंदीचे एक झाड लावावे.